पितळी मुठीचा दाढीचा ब्रश

नवी मुंबई हे शहर वयाने लहान. सिडकोची स्थापना १९७० सालची, आणि वाशीला लोकल पोचली ती १९९२ साली. पण इथे राहायला आलेली कुटुंबे गिरगाव-परळमधून, कोकणातून आणि घाटावरून आपापल्या ट्रंका घेऊन आली. त्या ट्रंकांत जुन्या वस्तू निघतातच. आजोबांचा वस्तरा, तुरटीचा झिजलेला खडा, साबणाची वाटी आणि धातूच्या मुठीचा दाढीचा ब्रश. वस्तरा कोणी वापरत नाही आणि वाटी मोडीत जाते. ब्रश मात्र टाकवत नाही, कारण तो हातात जड लागतो आणि साफ केला तर चालेल असे वाटते.

चालतोही. परंतु असा ब्रश प्रथमच दुरुस्त करू पाहणारा माणूस साधारणपणे दोनच गोष्टी करतो. मूठ चिंच-मिठाने किंवा पितळ घासायच्या पुडीने खसाखसा घासतो, आणि केस उकळत्या पाण्यात बुडवतो. या दोन्हींनी ब्रशचे नुकसान होते. का होते, हे समजून घेताना शाळेच्या पुस्तकातील निम्मे रसायनशास्त्र कामाला येते. विज्ञानमंडळासाठी याहून स्वस्त साहित्य आम्हांला तरी माहीत नाही.

मूठ कशाची?

चकचकीत पांढरी दिसणारी मूठ पोलादाची असू शकते, ॲल्युमिनियमची, जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेची. प्रत्येकीची साफसफाई वेगळी, म्हणून ओळख आधी पटवावी. लोहचुंबक लावून पाहावा. पोलाद झटकन चिकटते. पितळ चिकटत नाही. निकेल स्वतः चुंबकाला ओढले जाते, पण मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की साध्या चुंबकाला तो जाणवत नाही.

पुढची परीक्षा घनतेची. पितळेची घनता दर घन सेंटिमीटरला ८.४ ते ८.७ ग्रॅम, जस्ताच्या मिश्रधातूची ६.७ च्या आसपास आणि ॲल्युमिनियमची २.७. मूठ मोजपात्रात मावत नसेल तर आर्किमिडीजच्या तत्त्वाचा एक सोपा उपयोग करता येतो. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक तराजूवर पाण्याचे भांडे ठेवावे आणि आकडा शून्यावर आणावा. मग मूठ दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवावी, पण तळाला टेकू देऊ नये. तराजूवर जितके ग्रॅम वाढतील तितके घन सेंटिमीटर मुठीचे आकारमान. आमच्याजवळच्या मुठीचे वजन झुपका काढल्यावर ६८ ग्रॅम भरले आणि पाण्यात बुडवल्यावर तराजू ८ ग्रॅम वाढला. भागाकार ८.५, म्हणजे पितळ.

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. तराजू फक्त पूर्ण ग्रॅम दाखवत असेल तर ८ चा अर्थ ७.५ ते ८.५ यांच्यामधले काहीही होऊ शकते. मग घनता ८.० पासून ९.१ पर्यंत कुठेही असेल. या उत्तरावरून पितळ आणि तांबे यांत निवाडा करता येणार नाही, पण पितळ आणि जस्त यांत खात्रीने करता येईल. मुठीच्या पोकळीत हवेचा बुडबुडा अडकला तर आकारमान जास्त आणि घनता कमी येते, म्हणून मूठ पाण्यात जरा हलवून घ्यावी.

ॲल्युमिनियम निघाले तर धुण्याच्या सोड्यापासून दूर राहावे. हा धातू आम्लात विरघळतो तसाच अल्कातही विरघळतो, आणि सोड्याच्या पाण्यात काळवंडून खडबडीत होतो. साधा साबण, मऊ कापड आणि धीर एवढेच त्याला पुरते.

केसांचा प्रश्न आधी

मुठीकडे वळण्यापूर्वी केसांचा निकाल लावला पाहिजे, कारण खरा धोका तिथे आहे. दाढीच्या ब्रशला डुकराचे राठ केस, घोड्याचे केस, बॅजर या प्राण्याचे केस किंवा नायलॉनसारखे कृत्रिम धागे लावलेले असतात. एक केस चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. प्राण्याचा केस चुरमुरतो, जळक्या पिसासारखा वास येतो आणि मागे कुस्करणारी राख राहते. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. केस आणि पीस दोन्ही केराटिन या प्रथिनाचे असल्यामुळे वास सारखा. मात्र केस कोणत्या प्राण्याचा हे जाळून कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली केसावरील खवले आणि आतील गाभा पाहावा लागतो.

आता इतिहास. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स होऊ लागला. गुरांना होणारा काळपुळी किंवा फाशी म्हणतात तोच हा रोग. चेहऱ्यावर आणि मानेवर फोड येत आणि काही रुग्ण दगावत. शोध घेता बोट दाढीच्या नव्या ब्रशांकडे वळले. युद्धामुळे बॅजरच्या केसांचा पुरवठा विस्कळीत झाला होता, आणि आयात केलेले घोड्याचे स्वस्त केस बॅजरसारखे दिसतील अशा रीतीने वापरले जात होते. त्यांतले सगळे नीट निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करताना त्वचेवर बारीक ओरखडे पडतातच, आणि त्यांतून जंतूंना वाट मिळत होती. ब्रिटनने १९१९ साली अँथ्रॅक्स-प्रतिबंधक कायदा केला आणि पुढे जपानमधून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली.

या जंतूचे वैशिष्ट्य रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली दाखवून दिले होते. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणूच्या रूपात पडून राहतो. असे बीजाणू कोरड्या जागी कित्येक दशके जिवंत राहू शकतात. साबण, स्पिरिट किंवा कडक ऊन यांनी ते नष्ट झाले असे समजता येत नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली या जुन्या प्रकरणाचा पुन्हा आढावा घेतला, कारण जुने ब्रश हौसेने वापरण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली आहे. धोका फार लहान आहे, पण शून्य नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ब्रश घरातलाच आहे, कोणी आणि केव्हा घेतला हे ठाऊक आहे आणि तो अलीकडच्या काळातला आहे, तर केस ठेवावेत. मुंबईच्या चोरबाजारातून किंवा भंगारातून आणलेला, १९३० च्या आसपासचा किंवा वय न कळणारा ब्रश असेल, तर मूठ ठेवावी आणि केस टाकावेत. कोरडे केस झटकू, कापू किंवा हुंगू नयेत. वरचा जाळून पाहण्याचा प्रयोगही अशा ब्रशावर करू नये.

टाकायचे ठरल्यावर एक सोय होते. केस खराब होण्याची चिंता उरत नाही, त्यामुळे पूर्ण निर्जंतुकीकरण करता येते. दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची वाफ १५ मिनिटे दिली की बीजाणूही मरतात, ही रुग्णालयातली रीत. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये दाब साधारण तेवढाच चढतो, पण नेमका किती ते ठाऊक नसते, म्हणून वेळ दुपटीहून अधिक घ्यावी. ब्रश भिजवून फडक्यात सैल गुंडाळावा, जाळीवर ठेवावा आणि पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर ४० मिनिटे द्यावीत. पाणी भरपूर घ्यावे. कुकर मोडीत काढलेलाच असावा आणि त्यात पुन्हा अन्न शिजवू नये, कारण कातकामाच्या पितळेत अडीच-तीन टक्के शिसे घातलेले असते. मुठीत जुन्या सेल्युलॉइडचा किंवा हस्तिदंती रंगाच्या अज्ञात प्लास्टिकचा भाग असेल तर हा मार्ग बंद. सेल्युलॉइड अत्यंत ज्वालाग्राही असते. असा ब्रश कपाटात शोभेला ठेवावा.

वाफेने दुसरेही एक काम होते. जुन्या ब्रशांत झुपका लाखेने, राळेने किंवा रबराने बसवलेला असे. लाख आणि राळ उकळत्या पाण्याच्या कितीतरी खालच्या तापमानाला मऊ पडतात. ज्यांना केस ठेवायचे आहेत त्यांनी ब्रश उकळत्या पाण्यात का घालू नये, याचे उत्तरही हेच. केसाची लवचीकता जाते ती वेगळीच. सुरुवातीला नुकसान दिसत नाही, पण महिन्याभरात झुपका मुठीतून सुटून हातात येतो. आम्हांला झुपका काढायचाच होता, त्यामुळे वाफेनंतर मूठ थंड होऊ दिली आणि रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. लाख किंवा प्लास्टिकसारखे पदार्थ थंडीने पितळेपेक्षा जास्त आकुंचन पावतात, त्यामुळे कडेची पकड सुटते. सकाळी पकडीने पिळल्यावर झुपका बुचासारखा बाहेर आला.

केस ठेवायचे असतील तर काम थोडेच आहे. कोमट पाणी आणि सौम्य शांपू, आणि मुळाशी पांढरा थर साचला असेल तर कपभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून १० मिनिटे. हा पांढरा थर म्हणजे पाण्यातील कॅल्शियम आणि साबणातील मेदाम्ले यांचा अविद्राव्य क्षार. नवी मुंबईला पाणी येते ते मुख्यतः मोरबे धरणाचे, म्हणजे साठवलेल्या पावसाचे. ते मऊ असल्यामुळे हा थर कमी दिसतो. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत तो भरपूर मिळेल. ब्लीचिंग पावडरचे पाणी मात्र केसांना मुळीच लावू नये. ते केराटिनच विरघळवते.

कळंक

पितळी भांड्यात ताक कळकते हे आपल्या आजीला रसायनशास्त्र न शिकता माहीत होते. ताकातील लॅक्टिक आम्लात तांब्याचे क्षार उतरतात, चव बिघडते आणि पोटही बिघडते. भांड्यांना कल्हई लावायची ती यासाठी. ब्रशच्या मुठीवर जे हिरवे साचते तेही तांब्याचेच क्षार, पण ते एका जातीचे नसतात.

उघड्या पृष्ठावरील हिरवट-निळसर पापुद्रा हा बहुधा हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगाने झालेला कार्बोनेट. खाडीकाठी त्यात क्लोराइडची भर पडते. ठाणे खाडी आणि पनवेल खाडी यांच्या कुशीत वसलेल्या शहरात हवा खारी आणि पावसाळ्यात सतत दमट असते. ओहोटीला तिवरांच्या चिखलातून कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. तांब्यावर आणि चांदीवर हा वायू काळा सल्फाइड तयार करतो. बेलापूर-ऐरोलीकडच्या घरांत देवांची पितळी उपकरणी लवकर काळवंडतात अशी तक्रार कानी आली, तर आम्हांला तिचे आश्चर्य वाटणार नाही.

मुठीच्या तोंडाशी, जिथून केस बाहेर येतात तिथे, आणखी एक पदार्थ असतो. तो हिरवा, मेणचट आणि नखाने खरवडता येणारा असतो. हा तांब्याचा साबण. आपला नेहमीचा साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार. सोडियमची जागा तांब्याने घेतली की पाण्यात न विरघळणारा हिरवा साबण होतो. वर्गात हे करून दाखवणे सोपे आहे. अंघोळीच्या साबणाच्या पाण्यात मोरचुदाचे थोडे द्रावण घालावे, लगेच निळसर-हिरवा साका बसतो. त्यावर थोडे टर्पेंटाइन ओतून हलवले की वरचा थर हिरवा होऊ लागतो. पाण्यात न विरघळणारा पदार्थ टर्पेंटाइनमध्ये उतरतो, म्हणजे तो स्निग्ध जातीचा आहे हे सिद्ध झाले. मोरचूद विषारी आहे, द्रावण शिक्षकांनीच हाताळावे. टर्पेंटाइन पेट घेते, जवळ ज्योत नको.

या प्रयोगातच मुठीच्या साफसफाईची युक्ती आहे. मेणचट हिरवे काढायला आम्लही नको आणि घासणीही नको. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून काडीने फिरवावा. आम्ही हे दोनदा केले आणि मुठीच्या गळ्याभोवतीचे सगळे हिरवे निघाले. खालचा मुलामा जसाच्या तसा राहिला.

जिथे मुलामा झिजून पितळ उघडे पडले आहे तिथे आम्ल लावायला हरकत नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक आणि कोकणातल्या आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक. तिन्ही सौम्य आहेत आणि तांब्याच्या ऑक्साइडला विरघळवून खालच्या धातूला जवळजवळ हात लावत नाहीत. मीठ घातले की काम झपाट्याने होते, कारण क्लोराइडचे आयन तांब्याला द्रावणात धरून ठेवतात. पण हेच क्लोराइड बारीक खड्ड्यांत अडकून राहिले तर आठवड्याभरात तिथेच पुन्हा हिरवे फुटते. घरातल्या घागरीला हे चालते, ती रोज घासली जाते. ब्रशच्या बाबतीत मीठ टाळावे आणि नुसता चिंचेचा कोळ दोन-तीन मिनिटे लावावा.

वेळ वाढवली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पिवळे पितळ तांबूस होते. मुलांना वाटते की वरचा मळ जाऊन आतले तांबे दिसले. खरे असे की पितळेतील जस्त तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील आहे. ते आधी निघून जाते, आणि द्रावणात आलेले तांबे उरलेल्या जस्ताला बाजूला सारून पुन्हा पृष्ठभागावर बसते. हा रंग हलक्या हाताने खडूची पूड चोळली की जातो. पण तो दिसू लागला म्हणजे आम्लाने मळ संपवून धातू खायला सुरुवात केली आहे असे समजावे. शेवटी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा, म्हणजे उरलेले आम्ल मारले जाते, आणि स्वच्छ पाण्याने धुऊन मूठ लगेच कोरडी करावी.

अमोनिया नको

बाजारातील काही पितळ-पॉलिशांत अमोनिया असतो. तो तांब्याचे ऑक्साइड झटकन उतरवतो आणि चकाकी छान येते. तरीही जुन्या ब्रशला तो लावू नये, आणि याचे कारण आपल्याच देशातल्या पावसाळ्यात सापडले आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील सैन्याचा दारूगोळा पावसाळ्यात तबेल्यांतून साठवला जाई. पावसाळा संपल्यावर काडतुसांच्या पितळी नळ्यांना भेगा पडलेल्या आढळत. ना मार लागला होता, ना गंज चढला होता. पावसाळी मोसमात होते म्हणून इंग्रज लोक याला मोसमी तडकणे अशा अर्थाचे नाव देऊन मोकळे झाले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर काम करीत होता, आणि ओढून-दाबून घडवलेल्या नळीत आधीच असलेला ताण भेग पुढे नेत होता. नुसता अमोनिया असता तर भेगा पडल्या नसत्या, आणि नुसत्या ताणानेही पडल्या नसत्या. दोन्ही एकत्र आले तेव्हा धातू फुटला. घडवल्यावर पितळ मंद तापवून ताण काढून टाकणे हा त्यावर उपाय.

प्रवासी ब्रशांत ही अडचण फार. त्यांची मूठ म्हणजे पातळ पत्र्याची ओढून केलेली नळी असते आणि केसांचा भाग उलटा करून तिच्यात बसवता येतो. असल्या नळीच्या कडेला उभी केसासारखी चीर दिसली तर ती ओरखडा समजून घासू नये. दुरुस्ती होत नाही, फक्त पुढे वाढू नये एवढे पाहायचे.

एखादी चौकस मुलगी इथे हमखास विचारील की कल्हईवाला तर नवसागर वापरतो, म्हणजे अमोनियम क्लोराइड, मग भांडी का फुटत नाहीत? प्रश्न उत्तम आहे. नवसागराची वाफ क्षणभरच लागते, भांडे त्या वेळी तापलेले असते आणि लगोलग वर कथलाचा थर बसतो. महिनोन्‌महिने दमट अमोनियात पडून राहणे वेगळे.

मुलाम्याचे काय करायचे

झिजलेला मुलामा पूर्ण काढून मूठ पिवळीधमक करावी, नव्याने मुलामा द्यावा, की आहे तशी ठेवावी? आम्ही आहे तशी ठेवली. अंगठा आणि दोन बोटे जिथे टेकत तिथेच पितळ उघडे झाले होते. मूठ कोणाच्या तरी हाताने अशी झिजली आहे, ती खूण पुसून मिळवायचे काय? ज्यांना नवी चकाकी हवी त्यांच्याशी आमचे भांडण नाही, पण त्यांनी हिशेब समजून घ्यावा.

नेहमीचा निकेलचा मुलामा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे १० मायक्रॉनच्या आसपास असतो. मुठीचे बाहेरचे क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर धरले तर निकेल लागेल ०.०४ घन सेंटिमीटर. घनता ८.९ असल्याने वजन सुमारे ०.३६ ग्रॅम. फॅराडेच्या नियमाप्रमाणे निकेलचा अणुभार ५८.७ आणि संयुजा २ घेतली, तर लागणारा विद्युतभार ०.३६ भागिले ५८.७, गुणिले २, गुणिले ९६,५०० म्हणजे सुमारे १,१८० कूलोम. अर्धा अँपिअर प्रवाह दिल्यास साधारण ४० मिनिटे. अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा जास्त आवडते, असा अनुभव आहे. हा इतका पातळ थर पुडीने घासला तर किती दिवस टिकेल, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

निकेलचे विद्युत विलेपन शाळेत करू नये. निकेलचे क्षार त्वचेला बाधतात आणि कर्करोगकारक आहेत. ते द्रावण मोरीत ओतणे म्हणजे खाडीत ओतणे. मुलामा द्यायचाच तर तो व्यवसाय करणाऱ्या कारखान्यात द्यावा, आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करणाराच कारखाना निवडावा. आधीचा मुलामा निकेलचा की क्रोमियमचा हे रंगावरून ओळखता येते. निकेलला किंचित पिवळसर ऊब असते, क्रोमियम निळसर थंड दिसते. क्रोमियमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला, त्यामुळे रंगावरून वयाचाही थोडा अंदाज लागतो. ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही, घड्याळाच्या पट्ट्याने किंवा खोट्या दागिन्याने खाज येते, त्यांनी झिजलेल्या निकेलची मूठ रोज ओल्या हातात धरू नये.

उघड्या पितळेवर मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल तेल चोळू नये. तेल खवट होताना मेदाम्ले सुटतात, आणि आत्ताच टर्पेंटाइनने काढलेला हिरवा साबण पुन्हा तयार होतो.

नवा झुपका

तयार झुपके मिळतात. मुठीच्या खळग्याचा व्यास मोजून त्याहून किंचित लहान झुपका घ्यावा. आम्ही कृत्रिम धाग्याचा घेतला. अँथ्रॅक्सचा प्रश्न नाही, डुकराच्या केसांचे ज्यांना वावडे आहे त्यांचीही अडचण नाही, आणि वाळतोही लवकर.

किती खोल बसवायचा यावर ब्रशचा स्वभाव ठरतो. एका टोकाला घट्ट धरलेल्या काडीचा ताठपणा तिच्या मोकळ्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. केस ५५ मिलिमीटर बाहेर ठेवण्याऐवजी ५० ठेवले तर ५५ भागिले ५० चा घन १.३३ येतो, म्हणजे पाच मिलिमीटरमध्ये ब्रश एक तृतीयांशाने अधिक ताठ होतो. म्हणून आधी कोरडाच बसवून पाहावा. जास्त खोल जात असेल तर खाली प्लास्टिकच्या चकत्या घालाव्यात, आणि हाताला बरे वाटेपर्यंत कमीजास्त कराव्यात.

चिकटवायला दोन नळ्यांचे इपॉक्सी, अराल्डाइटसारखे, उत्तम. खळग्याच्या आत कानशीने खरवडून घ्यावे, पण ओल्या फडक्याने पूस काढून, कारण ती शिसेमिश्रित पितळेची पूड आहे. पाण्याचा अंश राहू देऊ नये. इपॉक्सी बेताने लावावे, वर केसांत चढले तर तिथे केस काचेसारखे होऊन तुटतात. मूठ सरळ उभी ठेवून पूर्ण एक दिवस हात लावू नये. खळग्यातले उघडे पितळ या थराखाली झाकले जाते, म्हणजे हिरव्या साबणाला तिथे पुन्हा जागाच उरत नाही.

वाळवणे

ब्रश वापरल्यावर उलटा टांगावा, म्हणजे पाणी टोकांकडून निथळते, असे सांगतात. गणित काही वेगळे सांगते. केसांमधल्या फटी ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीसारख्या धरल्या, तर केशाकर्षणाने स्वच्छ पाणी त्यांत सुमारे १५ सेंटिमीटर चढून राहते. साबणाने पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो, तरी ५-६ सेंटिमीटर राहतेच. केसांची लांबी तर जेमतेम ५ सेंटिमीटर. याचा अर्थ उलटा टांगा किंवा उभा ठेवा, गुरुत्वाकर्षण फटींतले पाणी काढू शकत नाही. ब्रश स्वच्छ धुऊन जोराने तीन-चार वेळा झटकावा आणि कोरड्या टॉवेलवर फिरवावा. टॉवेलच्या धाग्यांमधल्या फटी अधिक बारीक असल्यामुळे तो पाणी ओढून घेतो. मग उघड्या हवेत ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये नेरूळ-बेलापूरच्या न्हाणीघरात काहीच वाळत नाही, तेव्हा तो खोलीत पंख्याखाली आणावा. प्रवासी ब्रश असेल तर पूर्ण वाळल्याखेरीज नळीत बंद करू नये.